केक छान झाला, पण परवडला का?

झाशीहून बोलतोय. निवृत्तीनंतर घरातल्या आवडीतून छोटा धंदा सुरू करावा का, असं तुमच्यापैकी अनेक जण विचारतात. आज आमच्याच घरातला हिशेब तुमच्यापुढे उघडा करतो, चुकांसकट.

नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी घरं आहेत, त्यातलंच आमचं एक. नोकरीत असताना ज्या छावणीत बदली होईल तिथे वाढदिवसाचा केक आमच्याच घरून जायचा. माझी पत्नी तो हौसेनं करायची, पुढे मुलगीही तिच्या हाताखाली शिकली. निवृत्तीनंतर झाशीत परतलो आणि शेजारपाजारचे लोक म्हणू लागले, "विकत का नाही देत?" मला वाटलं, यात अवघड ते काय! अर्धा किलोचा केक तीनशे रुपयांना द्यायला सुरुवात केली. सामान एकशे चाळीसचं, म्हणजे एकशे साठ सुटले. मी खूश.

आठ महिन्यांनी पत्नीचे खांदे भरून आले आणि डब्यात पैसे मात्र दिसेनात. मी म्हणालो, "पण लोक किती कौतुक करतात!" ती म्हणाली, "अहो, तुम्हाला सरकारनं पगार दिला की नुसतं कौतुक?" त्या रात्री आम्ही कागद घेऊन बसलो.

सामान १४० रुपये. खोका आणि खालचा पुठ्ठा ३५. वीज आणि गॅस २०. बिघडलेल्या केकचा वाटा १५. झाले २१०. आता तिचे दोन तास. ताशी शंभर रुपये धरले तरी २००. एकूण ४१०. म्हणजे प्रत्येक केकमागे आम्ही एकशे दहा रुपये पदरचे घालत होतो, आणि ते पत्नीच्या कष्टातून जात होते. भाव ४८० केला. निम्मे लोक यायचे थांबले. उरलेल्यांवर घर चाललं नाही, पण धंदा चालू लागला. घरातल्या बाईचे तास हिशेबात धरले नाहीत, तर तो धंदा नव्हे, फुकटची राबणूक.

दुसरा धडा मापाचा. घरात वाटीनं चालतं. पण मैदा सैल भरला की वाटीत १२० ग्रॅम, दाबून भरला की १५० ग्रॅमपर्यंत. ग्राहकाला मागच्या वेळचाच केक हवा असतो, म्हणून वजनकाटा घ्या. झाशीत बिनअंड्याच्या केकला मोठी मागणी आहे. त्यात दही आणि खायचा सोडा असतो. दह्यातलं आम्ल सोड्याला भेटलं की लगेच वायू तयार होतो आणि केक फुगतो. एकदा तीन केकचं मिश्रण एकदम कालवलं, ओव्हन मात्र एकच. तिसऱ्याची पाळी येईपर्यंत वायू निघून गेला, केक चपटा बसला. तेव्हापासून ओव्हनमध्ये मावेल तेवढंच कालवतो.

तिसरा धडा हवामानाचा. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. लोण्याची सजावट स्कूटरवरून पोचेपर्यंत वितळते. एका लहान मुलाच्या वाढदिवसाला असा ओघळलेला केक पोचला, तेव्हा पैसे परत केले आणि माफी मागितली. आता उन्हाळ्यात फक्त साधा केक आणि नानकटाई.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. घरून विकत असलात तरी खाद्यसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. आम्ही केली तेव्हा वर्षाला बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी होती आणि शुल्क वर्षाला शंभर रुपये. चौदा आकडी क्रमांक मिळतो. आताचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. खोक्यावर शाकाहारी-मांसाहारी खूण घालताना लक्षात ठेवा, अंडं घातलेल्या केकला हिरवी खूण चालत नाही.

आता मोठं उदाहरण. मुंबईचं 'थिओब्रोमा' तुम्ही ऐकलं असेल. कमल मेसमन घरी ऑर्डरप्रमाणे केक करत. मुलगी कैनाझ हॉटेलच्या स्वयंपाकघरात रीतसर शिकली, पाठीच्या दुखापतीमुळे ती नोकरी सोडावी लागली. मग २००४ मध्ये बहीण टीनासह कुटुंबानं कुलाब्यात पहिलं दुकान उघडलं. आईचा हात होता, त्याला मुलीचं शिक्षण आणि कुटुंबाचं भांडवल मिळालं. नुसत्या हातावर ते उभं राहिलं नाही.

दुसरं उदाहरण पुण्याच्या कॅम्पातल्या कयानी बेकरीचं. १९५५ पासून चालू आहे. श्रूसबरी बिस्किटं आणि मावा केक एवढ्यावर तिचं नाव झालं. पुण्यात नोकरी केलेला फौजी सुट्टीवर निघाला की सामानात त्या बिस्किटांचा खोका असायचाच. मोजकेच पदार्थ, पण चव ठरलेली. आम्ही त्यावरून आमचे चौदा प्रकार पाचावर आणले.

आज आमच्याकडे आठवड्याला बारा केक जातात. त्याहून जास्त आम्ही घेत नाही. पत्नीची मजुरी दर शनिवारी तिच्या स्वतःच्या खात्यात जाते. रविवारी ओव्हन विक्रीसाठी लागत नाही. त्या दिवशी ती नातवासाठी काहीतरी भाजते, त्याचा हिशेब लिहायचा नाही असं ठरलंय.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर आधी महिनाभर प्रत्येक केकमागे सामान, वीज, खोका आणि तास लिहून काढा. भाव त्यानंतर ठरवा, आणि ज्याचे हात राबणार आहेत त्यालाच ठरवू द्या. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.