सीपी-बेरारमधला खान्देश

खान्देश कधीच मध्य प्रांतात नव्हता. इंग्रजी अमलात तो मुंबई इलाख्याचा जिल्हा. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. सिनेमाच्या धंद्याला मात्र हा इतिहास मान्य नाही. सरकारी नकाशावरून १९५० मध्ये पुसला गेलेला ‘सीपी-बेरार’, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, वितरकांच्या वहीत अजून नांदतो, आणि जळगाव-भुसावळ त्यातच मोडतात. इथल्या टॉकीजांची गोष्ट मुंबईपासून सांगायला घेतली की फसते. ती भुसावळपासून सांगायला हवी.

कारण रेल्वे. मुंबईहून येणारा मार्ग भुसावळला फुटतो, एक इटारसीकडे, दुसरा नागपूरकडे. सिनेमा तेव्हा पत्र्याच्या पेटीतून प्रवास करी. दोन हजार फुटांचे एक रीळ जेमतेम बावीस मिनिटे चाले, म्हणजे तीन तासांच्या चित्रपटाला अशी आठ-नऊ रिळे. असले ओझे गावोगाव पोचवायचे तर जंक्शनसारखी सोयीची जागा नाही. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही वितरक-प्रदर्शकांची संघटना भुसावळात रुजली, यात नवल ते काय! गावानेही अमरदीप आणि वसंत या टॉकीजांची नावे पत्त्यात मुरवून घेतली. जळगावात चित्रा टॉकीजने अख्खा चौक आपल्या नावावर केला, धुळ्यात मनोहर. धुळ्याचा रेल्वेफाटा मात्र चाळीसगावहून येतो आणि तिथेच संपतो. त्या शहराचे तोंड मुंबई-आग्रा रस्त्याकडे.

मोठ्या शहरात घासून झालेली प्रिंट लहान गावात उतरायची. पडद्यावर रेघांचा पाऊस, मध्येच फिल्म तुटली की थर्डमधून शिट्ट्या. लोक आज त्याची गोड आठवण काढतात. मला ती निकृष्ट मालाची पूर्ण दराने विक्री वाटते. उपग्रहावरून चित्रपट थेट थिएटरात उतरू लागला तेव्हा हा अन्याय संपला. त्याच सुमारास पेटीचे आणि जंक्शनचे महत्त्वही गेले. जळगावात बंद पडलेल्या खान्देश मिलच्या जागेवर मॉल आला आणि मल्टिप्लेक्सही.

सर्वांत मजेशीर प्रकरण धुळ्याच्या शेजारच्या मालेगावचे. हा तालुका १८६९ पर्यंत खान्देशातच होता, पुढे नाशिकला जोडला गेला. यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारी, नवा चित्रपटही शुक्रवारी. टॉकीजवाल्याला आणखी काय हवे? व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी प्रेक्षकांतूनच नट उभे केले आणि ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यांच्या ‘सुपरमॅन’ चित्रपटाच्या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला. प्रेमाचा अतिरेकही इथेच: २०२३ च्या लक्ष्मीपूजनाला ‘टायगर ३’ चालू असताना मोहन टॉकीजच्या आतच रॉकेट सुटले, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. नासिर यांच्यावरचा रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आधी टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, मग २८ फेब्रुवारी २०२५ ला देशभर लागला. वार शुक्रवारच होता.