क्रीडा मोटारगाडी : सुकाणूचे कंपन व हाताळणीतील दोष

मोटारगाडी ठराविक वेगाने धावत असता किंवा तिला ब्रेक लावला असता सुकाणू चक्र चालकाच्या हातात थरथरते, त्यास सुकाणूचे कंपन असे म्हणतात. गाडी सरळ न धावता एका बाजूस ओढली जाणे, रस्त्यावर भरकटणे, वळणावर अपेक्षेपेक्षा कमी किंवा अधिक वळणे हे हाताळणीतील दोष होत. दोन्ही प्रकारांची लक्षणे चालकाला एकाच सुकाणू चक्रातून जाणवत असल्याने त्यांची गल्लत होते. त्यांची कारणे मात्र बहुधा भिन्न असतात. कंपन हे फिरणाऱ्या भागातील दोषाचे, तर ओढ व भरकटणे हे चाकांच्या मांडणीतील फरकाचे किंवा सांध्यांतील ढिलेपणाचे लक्षण असते. हा भेद लक्षात न घेता केलेली दुरुस्ती खर्चिक ठरते, आणि खरा दोष तसाच राहिल्यास ती धोक्याचीही ठरू शकते.

क्रीडा मोटारगाडीत हे दोष अधिक तीव्रतेने जाणवतात. तिचे टायर रुंद व त्यांच्या बाजूच्या भिंती आखूड असतात, स्प्रिंगा कडक असतात व सुकाणूच्या थोड्या फिरविण्याने चाके बरीच वळतात. रस्त्याची जाणीव चालकाच्या हातापर्यंत पोहोचावी म्हणून सांध्यांतील रबरी बुश मुद्दाम कठीण ठेवलेले असतात. सामान्य गाडीत मऊ रबर जी थरथर गिळून टाकते, ती या गाडीत थेट हातापर्यंत येते. म्हणून क्रीडा मोटारीत जाणवणारी प्रत्येक थरथर गंभीर दोषाची निदर्शक नसते. परंतु नव्याने सुरू झालेली किंवा वाढत जाणारी थरथर कधीही दुर्लक्षणीय नसते.

कंपनाची उत्पत्ती : चाकाचे वस्तुमान त्याच्या अक्षाभोवती सारखे विभागलेले नसल्यास जड बाजूवर केंद्रोत्सारी प्रेरणा निर्माण होते व ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदा., १९५/५० आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सु. ५८ सेंमी. व परीघ सु. १·८ मी. असतो. गाडीचा वेग ताशी १०० किमी. असताना असे चाक सेकंदाला सु. १५ फेरे करते. रिमच्या कडेजवळ केवळ २० ग्रॅ. वजन जास्त असले, तरी त्या वेगास सु. ३·६ किग्रॅ. भाराएवढी प्रेरणा चाकाला सेकंदातून पंधरा वेळा हिसके देते. ताशी ५० किमी. वेगास हीच प्रेरणा एक-चतुर्थांश, म्हणजे सु. ०·९ किग्रॅ. भाराएवढीच असते. त्यामुळे शहरात निर्दोष वाटणारी गाडी राष्ट्रीय महामार्गावर थरथरू लागते.

चाक, धुरा व त्यांना जोडलेले भाग यांची स्वतःची एक नैसर्गिक कंप्रता असते व ती सामान्यतः सेकंदाला १० ते १५ आंदोलने इतकी असते. चाकाच्या फेऱ्यांची संख्या या कंप्रतेजवळ आली म्हणजे अनुस्पंदन होऊन थरथर एकदम वाढते. ताशी ८० ते १०० किमी. च्या सुमारास सुरू होणारी थरथर ताशी ११०-१२० किमी. ला कमी झाल्यासारखी वाटते, त्याचे कारण हेच होय. वेग वाढविल्याने दोष नाहीसा होत नाही. प्रेरणा उलट वाढलेलीच असते. फक्त अनुस्पंदनाची मर्यादा ओलांडली गेल्यामुळे ती हाताला कमी जाणवते. थरथर टाळण्यासाठी वेग वाढविण्याची काही चालकांची सवय म्हणूनच घातक आहे.

असंतुलन दोन प्रकारचे असते. जड भाग चाकाच्या मध्यप्रतलात असल्यास चाक वर-खाली उड्या घेते. तो एका कडेला असल्यास चाक डावी-उजवीकडे हेलकावते व सुकाणू चक्र थरथरते. रुंद चाकात दुसऱ्या प्रकारचा परिणाम मोठा असल्याने त्याचे संतुलन रिमच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही कडांवर वजने लावून करावे लागते.

कंपन केव्हा होते यावरून निदान : दोष शोधण्यापूर्वी थरथर कोणत्या वेगास, कोठे व काय करताना जाणवते याची नोंद करणे ही निदानाची पहिली पायरी होय. थरथर सुकाणू चक्रात असेल, तर दोष बहुधा पुढील चाकांत असतो. ती आसनात किंवा तळात असेल, तर मागील चाकांत असण्याचा संभव अधिक. पुढची व मागची चाके एकाच मापाची असल्यास ती अदलाबदल करून पाहावी. थरथर सुकाणूतून आसनाकडे गेली, तर दोष चाकातच आहे हे सिद्ध होते. अनेक क्रीडा मोटारींत मागील चाके अधिक रुंद असल्याने हा उपाय करता येत नाही.

सपाट व मोकळ्या रस्त्यावर थरथर सुरू झाल्यावर गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये सोडून पाहावी. ती तशीच राहिल्यास चाके, टायर किंवा हब यांकडे वळावे. केवळ वेग वाढविताना होणारी व न्यूट्रलमध्ये थांबणारी थरथर चाकाला शक्ती पुरविणाऱ्या दंडाच्या आतील झिजलेल्या सांध्याकडे निर्देश करते. मागील चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्ट चाकाच्या सु. चौपट वेगाने फिरतो. त्यामुळे त्यातील दोषाची थरथर बारीक असून ती हातापेक्षा तळातील घरघरीतून अधिक कळते. ही चाचणी घाटात कधीही करू नये, कारण न्यूट्रलमध्ये एंजिनाचा रोध नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर येतो.

साधी कारणे प्रथम तपासावीत. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्या गाडीच्या रिमच्या आत चिखल वाळून बसतो. तेवढ्याने संतुलन बिघडते आणि चाक धुतल्यावर ते पूर्ववत होते. दीर्घकाळ एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला टेकण्याच्या ठिकाणी सपाटपणा येतो. तो तात्पुरता असल्यास काही किमी. धावल्यावर टायर तापून नाहीसा होतो. खड्ड्यात आपटून वाकलेली रिम, फुगवटा आलेला टायर हेही नेहमीचे दोष होत. शोभेसाठी बसविलेल्या नव्या रिमचे मधले छिद्र हबपेक्षा मोठे असल्यास चाक बरोबर मध्यावर बसत नाही. अशा वेळी यंत्रावर निर्दोष ठरलेले चाक गाडीवर थरथरते. योग्य मापाचे मध्यकडे घालून व चाक उचललेले असतानाच नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून हा दोष दूर होतो.

ब्रेक लावताना होणारे कंपन : थरथर केवळ ब्रेक लावल्यावरच होत असेल, तर चाकांचे संतुलन पुनःपुन्हा करणे व्यर्थ असते. पुढच्या ब्रेक डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसणे हे तिचे प्रमुख कारण होय. शंभरातील दोन-तीन मिमी. इतका, म्हणजे ०·०२ ते ०·०३ मिमी. फरकही हाताला जाणवतो. 'डिस्क वाकली' असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः हबच्या पृष्ठावरील गंजामुळे डिस्क किंचित तिरपी बसते, प्रत्येक फेऱ्यात तिचा एकच भाग पॅडला घासतो व काही हजार किमी. नंतर जाडीत फरक पडतो. म्हणून नवी डिस्क बसविण्यापूर्वी हबचा पृष्ठभाग स्वच्छ न केल्यास तोच दोष पुन्हा उद्‍भवतो.

कोल्हापूर परिसरात या दोषाला घाटरस्त्यांची जोड मिळते. कोल्हापूरहून कोकणात उतरताना आंबा, फोंडा, करूळ असे घाट लागतात. १,००० किग्रॅ. वजनाची गाडी ५०० मी. उंचीवरून खाली येताना सु. ४९ लक्ष जूल ऊर्जा मोकळी होते. ती सर्वस्वी ब्रेकने शोषून घेतल्यास व वाऱ्याने उष्णता वाहून न नेल्यास सर्व डिस्क मिळून २५ किग्रॅ. ओतीव लोखंडाचे तापमान सु. ४००° से. ने वाढेल. प्रत्यक्षात वाढ कमी होते. तरीही तापलेल्या डिस्कवर पॅडचे द्रव्य असमान चिकटते. घाटाच्या पायथ्याशी ब्रेक दाबून गाडी उभी केल्यास पॅडखालील जागेवर ठसाच उमटतो. त्या ठिकाणी तापमान पुढे फार वाढल्यास लोखंडात सिमेंटाइट हे कठीण संयुग तयार होते, व डिस्क वरवर तासूनही ते पूर्णपणे निघत नाही. खालच्या गिअरमध्ये घाट उतरणे हाच यावरील खरा उपाय होय.

ब्रेक डिस्क व ड्रम करड्या ओतीव लोखंडाचे बनवितात. त्यातील ग्रॅफाइटाच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते व कंपन शमते. कोल्हापूर हे ओतकामाचे महत्त्वाचे केंद्र असून शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांतून मोटार उद्योगास लागणारी ओतिवे पुरविली जातात. हवा खेळण्यासाठी आतून पोकळ ठेवलेल्या डिस्कच्या ओतकामात गाभा किंचित सरकला, तरी तिच्या दोन भिंतींची जाडी विषम होते. अशी डिस्क असंतुलित असते व तापल्यावर वेडीवाकडी प्रसरण पावते. चालकाच्या हातातील थरथरीचे मूळ अशा रीतीने ओतशाळेतील साच्यापर्यंतही जाऊ शकते.

ढिलेपणा : असंतुलन कंपन निर्माण करते, तर ढिले सांधे ते वाढवितात. टाय रॉडचे एंड, बॉल जॉइंट, चाकाचे बेअरिंग, खालच्या भुजेचे बुश व निकामी झालेले शॉक ॲब्सॉर्बर हे भाग तपासावे लागतात. गाडी भक्कम आधारावर उचलून चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलविल्यास सुकाणूच्या सांध्यांतील ढिलेपणा कळतो. वर-खाली धरून हलविल्यास बॉल जॉइंट किंवा बेअरिंग यांतील कळतो. दुसऱ्याने ब्रेक दाबून ठेवल्यावर हालचाल थांबली, तर बेअरिंग दोषी असते. वारंवार संतुलन करून थरथर तात्पुरती कमी होते आणि झिजलेला बॉल जॉइंट मात्र तसाच राहतो. तो निखळल्यास चाकावरील ताबा सुटतो. निदानाच्या चुकीची खरी किंमत येथे मोजावी लागते.

हाताळणीतील दोष : चाकांची मांडणी, म्हणजे अलाइनमेंट, बिघडल्याने सहसा थरथर होत नाही, गाडी ओढली जाते, सुकाणू चक्र तिरपे राहते किंवा टायर एका कडेने झिजतात. गाडी एका बाजूस ओढत असल्यास प्रथम हवेचा दाब पाहावा. नंतर पुढची दोन चाके परस्परांत बदलावीत. ओढ उलट दिशेस गेली, तर दोष टायरचा असतो. ओढ असलेल्या बाजूचे चाक धावल्यानंतर जास्त गरम लागल्यास तेथील ब्रेक अडकलेला असतो. ऊसवाहतुकीने चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर रुंद टायर त्या चाकोऱ्यांचा माग घेतात व सुकाणू हिसकते. हा गाडीतील बिघाड नव्हे. गाडी बुटकी करण्यासाठी स्प्रिंगा कापल्यास मात्र खड्ड्यात चाक वर जाताच ते आपोआप वळू लागते व गाडी भरकटते.

वळणावर पुढची चाके घसरून गाडी कमी वळते किंवा मागची घसरून अधिक वळते. यास वजनाची विभागणी, टायरचा दाब व स्प्रिंगांचा कडकपणा कारणीभूत असतात. दिल्ली येथील २०१२ च्या वाहन प्रदर्शनात मांडलेल्या डीसी अवंती या भारतीय क्रीडा मोटारीप्रमाणे एंजिन आसनांच्या मागे असल्यास मागील चाकांवरील भार अधिक असतो. अशा गाडीत मागील टायरचा दाब किंवा मांडणी बिघडल्याचे परिणाम विशेष गंभीर होतात.

निलंबनाचे कार्य समजण्यास कार्ट हे वाहन उपयुक्त ठरते. कोल्हापूर येथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टसाठी धावपथ आहे. कार्टला स्प्रिंगा व विभेदी दंतचक्र नसते; सांगाड्याची लवचिकता हेच तिचे निलंबन असते. त्यामुळे वाकलेला धुरा, ढिला सांधा किंवा टायरच्या दाबातील थोडा फरक चालकाला लगेच कळतो. क्रीडा मोटारीत हीच चिन्हे अनेक भागांतून गाळून येतात, म्हणून ती क्रमाने तपासावी लागतात.

तपासणीचा क्रम : प्रथम लक्षणांची नोंद, मग हवेचा दाब, टायर व रिम यांची पाहणी व धुलाई, नंतर चाकांचे संतुलन, त्यानंतर ब्रेक व हब, मग सांध्यांतील ढिलेपणा आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट असा क्रम योग्य होय. मात्र चाक हलविताना सांध्यात ढिलेपणा आढळल्यास हा क्रम सोडून गाडी तेथेच थांबवावी. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यातच बदलते. एका वेळी एकच बदल करून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चाचणी घेतल्यास कारण निश्चित होते. अनेक भाग एकदम बदलल्याने थरथर थांबली, तरी ती कशामुळे होती हे कळत नाही व पुढील वेळी तोच खर्च पुन्हा करावा लागतो.