कुत्र्याची लूत: तिचीं कारणें ओळखावीं कशीं ?

केस झडलेलें, कातडी जाड होऊन काळवंडलेली, आणि सारखें अंग खाजवीत बसलेलें एखादें कुत्रें ज्याच्या दृष्टीस पडलें नाहीं, असा मनुष्य महाराष्ट्रांत क्वचितच आढळेल. लोक त्यास 'लूत लागली' एवढेंच म्हणतात, आणि तें अंगणाजवळ आलें कीं दगड मारून हांकलून देतात. घरच्या कुत्र्यास तोच विकार झाला, तर कोणी त्याच्या अंगास रॉकेल चोळतात, कोणी मोटारीचें जळकें तेल फांसतात, तर कोणी शेजाऱ्यानें सांगितलेली पूड आणतात. अशा उपायांनीं कातडी भाजते, आणि कुत्रें आपलें अंग चाटीत असल्यामुळें तेंच विष त्याच्या पोटांत जातें. मूळ चूक ही कीं, 'लूत' हें एकाच रोगाचें नांव आहे असें आपण समजतों. वस्तुतः तिच्यामागें निरनिराळे जीव असतात. प्रत्येकाची राहणी निराळी, म्हणून प्रत्येकावरील उपायहि निराळा. तेव्हां औषधापूर्वीं ओळख पाहिजे. ती कशी करावी, हें येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

या जीवांचे दोन वर्ग करूं: नुसत्या डोळ्यांनीं दिसणारे आणि न दिसणारे. पहिल्या वर्गांत पिसू, गोचीड व ऊ हीं येतात. उष्ण प्रदेशांत यांस कडक हिवाळ्याचा अडथळा नसतो, म्हणून त्यांची वीण बाराहि महिने चालूं शकते.

पिसू सुमारें २ ते ३ मिलिमीटर लांब, तपकिरी, दोन्ही बाजूंनीं चपटी असून उडी मारून पळते. तिच्या चाव्यानें कुत्र्याच्या पाठीचा मागील भाग व शेपटीचें मूळ येथील केस विशेष झडतात. पिसू हातीं न लागली तरी तिचा पुरावा मिळतो. पांढरा कागद ओला करून त्यावर कुत्र्याचे केस विंचरावे. काळे कण पडून त्यांभोंवतीं तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा समजावी; कारण तींत कुत्र्याचेंच पचलेलें रक्त असतें. साधी माती असल्यास असा डाग उमटत नाहीं. पिसवेचीं अंडीं कुत्र्याच्या अंगावरून जमिनीवर, गोणपाटांत व फटींत पडतात. यासाठीं एकट्या कुत्र्यास औषध लावून भागत नाहीं. त्याचें अंथरूण धुवून कडक उन्हांत घालावें व घरहि झाडून काढावें.

कुत्र्याची तपकिरी गोचीड कानांत, मानेवर व पायांच्या बोटांमध्यें चिकटून राहते. तिच्या पिलास प्रथम ६ पाय असतात, आणि कात टाकल्यावर ८ होतात. रक्त पिऊन टरारलेली मादी कुत्र्यास सोडून भिंतीच्या भेगेंत शिरते व तेथें हजारों अंडीं घालते. म्हणून भिंतीच्या भेगा बुजविणें हाहि उपचाराचाच भाग होय. ही गोचीड केवळ कातडीस त्रास देऊन थांबत नाहीं. रक्तांत शिरणारे एर्लिकिया व बबेसिया यांसारखे रोगजंतूहि ती पसरविते. गोचिडी असलेलें कुत्रें तापानें मलूल झालें, खाईनासें झालें अथवा त्याच्या हिरड्या फिक्या पडल्या, तर एक दिवसहि दवडूं नये. गोचीड काढतांना ती बोटांनीं चिरडूं नये. चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी.

उवा पिसवांसारख्या उडत नाहींत. त्यांच्या लिखा केसांस घट्ट चिकटलेल्या असतात. झटकल्यानें कोंडा पडतो, पण लीख पडत नाहीं. कुत्र्याच्या उवा माणसाच्या डोक्यांत वस्ती करीत नाहींत, ही गोष्ट मातांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां न दिसणाऱ्यांकडे वळूं. यांत दोन किडे मुख्य आहेत. पहिला सारकॉप्टिस. याची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी. मादी कातडीच्या वरच्या थरांत बोगदा पाडून त्यांत अंडीं घालते, आणि सुमारें २ ते ३ आठवड्यांत नवी पिढी तयार होते. याची खाज इतकी भयंकर असते कीं, कुत्र्यास झोंप लागत नाहीं. कानांच्या कडा, पुढल्या पायांचें कोपर, मागल्या पायांचे घोटे व पोट या जागीं खपल्या धरतात. कानाची कड बोटांत धरून चोळली असतां कुत्रें मागचा पाय खाजविल्यासारखा हलवूं लागलें, तर या किड्याचा दाट संशय घ्यावा. हा रोग एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे त्वरित जातो. अशा कुत्र्यास कवटाळणाऱ्या मुलाच्या हातांवर व पोटावर खाजरे पुरळ उठतात. परंतु कुत्र्याच्या जातीचा हा किडा माणसाच्या कातडींत वंश वाढवूं शकत नाहीं, म्हणून कुत्रें बरें झाल्यावर ते हळूहळू आपोआप जातात. न गेल्यास मुलास डॉक्टरांकडे न्यावें, कारण माणसाची खरूज निराळी असते.

दुसरा डेमोडेक्स. हा विडीसारखा लांबट असून केसाच्या मुळाशीं राहतो. पिलूं आईचें दूध पीत असतां पहिल्या कांहीं दिवसांतच तो आईकडून त्याच्याकडे येतो, आणि बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या कातडींत तो थोडाफार असतोच. शरीराची शक्ति उणी पडली कीं त्याची संख्या वाढते. डोळ्यांभोंवतीं, तोंडाशीं व पुढल्या पायांवर केस जातात, पण आरंभीं खाज फारशी नसते. हा माणसास लागत नाहीं. पिलाच्या अंगावर असे एकदोनच चट्टे असले, तर ते पुष्कळदां आपोआप भरून येतात. अशा पिलास लूत लागली म्हणून रानांत सोडून देणें किती अन्यायाचें, याचा वाचकांनींच विचार करावा.

डोळ्यांनीं पाहण्याचें महत्त्व किती, हें खरजेच्या किड्याच्या इतिहासावरूनच कळतें. १६८७ सालीं इटलींतील बोनोमो व चेस्टोनी यांनीं माणसाच्या खरजेचा किडा सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहून त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. तरी पुष्कळ वैद्य पुढें दीर्घ काळ खरजेस दूषित रक्ताचाच विकार मानीत राहिले. अखेर १८३४ मध्यें पॅरिस येथें रेनुच्ची नांवाच्या एका कॉर्सिकन विद्यार्थ्यानें सुईच्या टोंकानें किडा बाहेर काढून सर्वांस दाखविला. ही युक्ति त्याच्या बेटांतील खेड्यांतल्या बायांस आधींच ठाऊक होती. मोठमोठ्या पंडितांचा वाद एका विद्यार्थ्याच्या सुईनें मिटविला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

आजहि रीत तीच आहे. गुरांच्या दवाखान्यांत पशुवैद्य कातडी किंचित् खरवडून तो अंश तेलाच्या थेंबांत काचपट्टीवर घेतात व यंत्राखालीं पाहतात. डेमोडेक्स बहुधा सांपडतो. सारकॉप्टिस मात्र पुष्कळदां हुकतो, म्हणून त्या वेळीं लक्षणांवरून निर्णय करावा लागतो. गजकर्णासारखे बुरशीचे रोगहि लुतीसारखेच दिसतात, तेव्हां ही परीक्षा अवश्य आहे. ओळख न करतां औषध दिल्यास अनर्थ होतो. खाज थांबविणारें स्टेरॉइड दिल्यानें डेमोडेक्स बळावतो. आयव्हरमेक्टिन हें गुणकारी औषध कोली जातीच्या अनेक कुत्र्यांस प्राणघातक ठरूं शकतें. कुत्र्याच्या गोचिडांवरचें परमेथ्रिन घरांतील मांजरास विषासारखें बाधतें.

तेव्हां पालकांस आमची सूचना इतकीच कीं, कुत्र्यास दवाखान्यांत नेण्यापूर्वीं चार गोष्टी टिपून ठेवाव्या: केस कोणत्या जागचे गेले, खाज किती आहे, रोग केव्हां सुरू झाला, आणि घरांतील इतर माणसांस अथवा जनावरांस खाज सुटली आहे काय. हें टिपण पशुवैद्यांस फार उपयोगी पडतें, आणि तें करण्यास शाळेंतला मुलगा किंवा मुलगी पुरेशी आहे. रस्त्यावरील लुतीच्या कुत्र्यास मुलांनीं हात लावूं नये. पण दगडहि मारूं नये. वडील माणसांस सांगून दवाखान्यांत वर्दी द्यावी. त्या मुक्या प्राण्याच्या अंगावर जें दिसतें तें त्याचें पाप नव्हे. तो एका लहानशा जीवाचा उपद्रव आहे, आणि बहुधा बरा होणारा आहे.