लाळ-खुरकूत रोग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लोफ्लर आणि फ्रॉश या जर्मन संशोधकांनी १८९८ साली असे दाखवून दिले, की जिवाणूंना अडवून धरणाऱ्या गाळणीतून पार झालेल्या द्रवानेही वासरांना लाळ-खुरकूत होतो. जनावरांच्या रोगामागे विषाणू असू शकतो याचा तो पहिला पुरावा होय. तेव्हापासून इंग्लंडातील पिर्ब्राइटपासून भुवनेश्वरच्या राष्ट्रीय संस्थेपर्यंत संशोधक विद्यार्थ्यांच्या पिढ्या या एका विषाणूवर प्रबंध लिहीत आल्या आहेत. तथापि प्रयोगशाळेतले ज्ञान गोठ्यापर्यंत पोहोचण्याआधीच समजुती तेथे ठाण मांडून बसलेल्या असतात, म्हणून त्यांची छाननी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : या रोगाने जनावर मरत नाही, चार दिवस लाळ गाळून पुन्हा चाऱ्याला लागते.

वस्तुस्थिती : प्रौढ जनावर बहुधा दगावत नाही हे खरे, परंतु कोवळ्या वासरांत विषाणू हृदयाच्या स्नायूंवरच घाला घालतो, आणि कित्येकदा तोंडात एकही फोड उठण्यापूर्वी वासरू कोसळते. वाचलेल्या गाईचे दूध पूर्वपदावर येईलच अशी शाश्वती नसते, आणि खुरांच्या बेचक्यात चिघळलेल्या जखमांमुळे बैल ऐन पेरणीत जू घेईनासा होतो.

गैरसमज : हा दुबळ्या जनावरांचा रोग, चांगल्या वैरणीवर पोसलेल्यास त्याची बाधा होत नाही.

वस्तुस्थिती : भरपूर दूध देणाऱ्या धष्टपुष्ट संकरित गाईंतच तो अनेकदा अधिक तीव्र असतो, कारण या विषाणूचे यश जनावराच्या अशक्तपणावर नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या कारवाईवर अवलंबून असते. शरीरातील काही प्रथिने पेशीला जेथे नित्य चिकटतात, नेमक्या त्याच जागी तो भिडतो. त्यासाठी लागणारी तीन अमिनो आम्लांची खूण त्याच्या कवचावर जशीच्या तशी असते. आत शिरताच तो पेशीचे दफ्तर ताब्यात घेतो. पेशीच्या प्रत्येक हुकुमावर, म्हणजे संदेशवाहक आरएनएवर, एक मोहर असते आणि ती पाहूनच प्रथिने घडविण्याची अंमलबजावणी होते. विषाणूचे ‘लीडर’ नामक प्रथिन ही मोहर तपासणाऱ्या यंत्रणेतील कारकुनालाच छाटून टाकते, त्यामुळे शेजारच्या पेशींना सावध करणाऱ्या इंटरफेरॉनसह पेशीचे बहुतेक हुकूम खोळंबतात, आणि मोहरेवाचून चालणाऱ्या विषाणूच्या फर्मानांची मात्र बिनबोभाट तामिली होते. शरीराचा बंदोबस्त जागा होईपर्यंत असंख्य नवे विषाणू बाहेर पडलेले असतात.

गैरसमज : एकदा टोचले, किंवा रोग एकदा येऊन गेला, की कायमची निश्चिंती.

वस्तुस्थिती : या विषाणूचे सात प्रकार नोंदले गेले आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला अडवीत नाहीत, म्हणूनच भारतातील लशीत ओ, ए आणि आशिया-१ असे तिन्ही प्रकार असतात. शिवाय सुमारे ८,४०० अक्षरांचा आपला आरएनए उतरून काढताना विषाणू वारंवार चुका करतो, आणि पेशीला भिडण्याची खूण कायम राखून तिच्या भोवतालचे कवच बदलीत प्रतिपिंडांना हुलकावणी देतो. मृत विषाणूंपासून केलेल्या लशीचे संरक्षण काही महिनेच टिकत असल्याने २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी टोचणी ठेवली आहे.

गैरसमज : फोड भरून आले, म्हणजे विषाणू गेला.

वस्तुस्थिती : बऱ्या झालेल्या, एवढेच नव्हे तर लस टोचलेल्याही, काही गाईम्हशींच्या घशात तो २८ दिवसांहून अधिक काळ टिकून राहतो, गाईंत ही मुदत साडेतीन वर्षांपर्यंत गेल्याचा दाखला आहे. घशात लहानशी वाटी फिरवून काढलेल्या द्रवात तो सापडतो. अशा गाईंपासून इतरांना लागण झाल्याचे प्रयोगांत सहसा दाखविता आलेले नाही. आफ्रिकेतील रानम्हशींपासून गुरांना मात्र ती होते. डुकरांत ही वाहकावस्था आढळत नाही.

गैरसमज : लहान मुलांच्या हातापायांवर व तोंडात उठणारे फोड गोठ्यातूनच येतात.

वस्तुस्थिती : त्या रोगाचे विषाणू निराळे आणि माणसांचेच. लाळ-खुरकूत माणसाला होण्याचे दाखले अत्यंत विरळ आहेत.

गैरसमज : एका प्रथिनावर चार-पाच वर्षे खर्चणाऱ्या प्रबंधाचा गोठ्याला काय उपयोग!

वस्तुस्थिती : ‘लीडर’ प्रथिनाचे जनुक काढून टाकलेला विषाणू गुरांत आपला तीव्रपणा गमावतो, हे अशाच चिकाटीच्या कामातून उघड झाले. लस करण्यासाठी आधी जिवंत, जहाल विषाणू विपुल वाढवावा लागतो, आणि २००७ साली पिर्ब्राइटच्या आवारातून तो निसटून आसपासच्या शेतांवर साथ उद्भवली होती. हे ध्यानी घेता निर्धोक केलेल्या बीजाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. तशा लशी सर्वत्र मिळेपर्यंत विषाणूचा एक दुबळेपणा शेतकऱ्याच्या हाती आहे : त्याला आम्ल वा अल्कली सोसत नाही. तेव्हा धुण्याच्या सोड्याच्या चार टक्के द्रावणाने गोठा धुवावा, टोचणीची मुदत चुकवू नये, आणि लाळ गाळणारे जनावर कोणत्याही सबबीवर बाजारात नेऊ नये.