कार्ड आहे, मग धान्य का नाही?

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई पिशवीतून रेशन कार्ड काढून म्हणाली, "कार्ड केशरी आहे, घरात मजुरीशिवाय काही नाही, तरी दुकानदार म्हणतो तुमचं धान्य येत नाही. कार्ड खोटं आहे का हो?"

कार्ड खरं होतं. पण बायांनो, कार्ड असणं वेगळं आणि धान्याच्या यादीत नाव असणं वेगळं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात दोनच प्रकारची घरं येतात. एक अंत्योदय. त्यांना माणसं कितीही असोत, कार्डामागे महिन्याला 35 किलो. दुसरं प्राधान्य कुटुंब. तिथे माणशी 5 किलो, म्हणजे पाच नावं असली तर 25 किलो. जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे, त्याचे पैसे द्यायचे नाहीत. केशरी कार्ड मात्र वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांना मिळतं, आणि प्राधान्य यादीची मर्यादा आहे गावात 44,000 आणि शहरात 59,000. म्हणून एकाच रंगाचं कार्ड, एका घरी धान्य येतं, शेजारी येत नाही.

44,000 म्हणजे किती, याचा मी बोटांवर हिशोब केला. दिवसाला साधारण 120 रुपये, तेही अख्ख्या घराचे. एवढ्यात कोण राहतं ते तुम्हीच सांगा. ही मर्यादा वाढायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण इष्टांकाची. आपल्या राज्यात किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, सुमारे 7 कोटी, 2011 च्या जनगणनेवरून ठरला. तेव्हापासून घरं वाढली, आकडा तिथेच. त्यामुळे कुणाचं तरी नाव कमी झालं की मगच नवीन नाव बसतं. घरातलं माणूस गेलं, लेक सासरी गेली, तरी आपण नाव तसंच ठेवतो. कुणाला वाईट वाटेल, पण ते कमी करा. त्या जागेवर एखादं उपाशी घर येतं.

आणि सुनेचं काय? लग्नाला चार-चार वर्षं होतात, तिचं नाव ना माहेरी ना सासरी. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, तो आधार कार्ड आणि लग्नाच्या पुराव्यासोबत सासरच्या तालुक्याच्या पुरवठा शाखेत द्यायचा. बाळाचं नाव जन्मदाखल्यावर घालायचं. माणशी धान्य मिळणाऱ्या घरात दोन नावं राहिली की महिन्याला 10 किलो गेलं. सासूबाईंनो, हे काम सुनेवर ढकलू नका, तुम्ही सोबत जा. या कायद्याने घरातली 18 वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कार्डावर कुटुंबप्रमुख असते, म्हणजे बहुतेक घरांत तुम्हीच!

अर्ज दिला की पोच घ्या. तारीख आणि शिक्का बघितल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी स्वतः एकदा पोच न घेता परत आले, आणि तीन महिन्यांनी "अर्जच नाही" असं ऐकून घेतलं. दुकानात अंगठा लावल्यावर मशीनमधून पावती निघते, तीही मागा. पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर 1967 नंबरवर तक्रार करता येते. तिथे दाद लागली नाही, तर या कायद्यात जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे लेखी द्या. ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कार्ड आधारला जोडलेलं असेल तर तिथल्या रेशन दुकानातही तुमचं धान्य मिळतं, आणि उरलेलं गावातल्या म्हाताऱ्यांना इथे उचलता येतं.

त्या ताईचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यासह मागच्या गुरुवारी दिला. सुनेचा माहेरचा दाखला यायचा आहे. सोमवारच्या बैठकीला आपापली कार्डं घेऊन या, एकेक उघडून नावं मोजू.