अबार्थ पुंटो
अबार्थ पुंटो ही पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथील कारखान्यात फियाटने तयार केलेली वेगवान हॅचबॅक मोटार होय. ती ऑक्टोबर २०१५ मध्ये सुमारे १० लाख रुपये किमतीस बाजारात आली. तिचे १.४ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन १४५ अश्वशक्तीचे होते.

अशा मोटारीकडून ग्राहकास वेगाबरोबरच परवडणारी किंमत व रोजच्या वापरातील सोय अपेक्षित असते. भारतात लहान पेट्रोल मोटारींवरील कमी कराचा लाभ चार मीटरपर्यंतची लांबी व १,२०० घन सेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असल्यासच मिळतो. पुंटो लांबीच्या अटीत बसे, इंजिनाच्या नव्हे. नंतरच्या ह्युंदाई आय२० एन लाइन (२०२१) व टाटा अल्ट्रोझ रेसर (२०२४) यांची इंजिने या मर्यादेत आहेत. मात्र त्यांची शक्ती सुमारे १२० अश्वशक्तीच आहे.