प्रयोगशाळेतलं निदान, तुरुंगातलं निदान

संशोधनाच्या वाटा : भाग ११

मागच्या लेखात आपण लिस्बनच्या विमानतळापाशी थांबलो होतो. १९५७ साली अंगोलाहून आलेल्या विमानांतलं उष्टं-खरकटं आसपासच्या डुकरांच्या पुढ्यात पडलं आणि तोवर आफ्रिकेबाहेर न दिसलेला आफ्रिकन स्वाइन फीवर युरोपात शिरला. पोर्तुगालने डुकरं मारून ती साथ विझवली. पण १९६० मध्ये रोग पुन्हा उफाळला आणि त्याच वर्षी सीमा ओलांडून स्पेनच्या बादाहोस प्रांतात पोचला. पुढची ३५ वर्षं तो स्पेनमध्ये ठाण मांडून होता. त्यातली पहिली १५ वर्षं जनरल फ्रँकोच्या हुकूमशाहीची.

त्याच हुकूमशाहीत बायका कशा जगल्या, यावर स्पेनच्या विद्यापीठांत गेल्या चार-पाच दशकांत फार मोलाचं काम झालं आहे. पशुवैद्यकाचा विभाग आणि इतिहासाचा विभाग सहसा एकमेकांचा उंबरा ओलांडत नाहीत. तरी आज मी दोन्ही विषय एकत्र घेते आहे, कारण दोन्हीकडे एकच प्रश्न आहे. एखाद्याला ‘रोगी’ ठरवायचा अधिकार कोणाचा, आणि ठरवताना चूक झाली तर ती पकडायची काही सोय आहे का? फ्रँकोच्या स्पेनमध्ये डुकराच्या रक्ताला ही सोय मिळाली. बायकांना मिळाली नाही.

आधी रक्ताचं बघू.

हा रोग डोळ्यांनी ओळखता येत नाही, इथूनच अडचण सुरू होते. डुकराला सणकून ताप येतो, खाणं सुटतं, कानांच्या कडा आणि पोटाखालची कातडी जांभळी पडते, आणि आठ-दहा दिवसांत जनावर दगावतं. पोट उघडलं तर प्लीहा सुजून काळी पडलेली दिसते. पण वराहज्वर नावाचा जो जुना रोग युरोपला माहीत होता, त्याचंही रूप जवळजवळ हेच. केनियात माँटगोमेरी या पशुवैद्याने १९२१ साली या आफ्रिकी रोगाचं पहिलं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हाही मुख्य प्रश्न हा रोग वेगळा आहे हे सिद्ध करण्याचाच होता. जुन्या वराहज्वरावर लस होती, या रोगावर नव्हती. त्यामुळे निदान चुकलं तर लस टोचत बसायचं आणि तेवढ्यात साथ पुढच्या गावात.

१९६० साली, म्हणजे नेमका रोग स्पेनमध्ये शिरला त्याच वर्षी, केनियातल्या मुगुगा इथल्या प्रयोगशाळेतून माल्मक्विस्ट आणि हे (Hay) या दोघांनी एक कसोटी प्रसिद्ध केली. निरोगी डुकराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचेच्या नळीत वाढवायच्या. त्यात संशयित जनावराच्या रक्ताचा किंवा प्लीहेचा अंश घालायचा आणि वाट बघायची. नमुन्यात हा विषाणू असेल तर तो पांढऱ्या पेशीत शिरतो, आणि मग आजूबाजूच्या तांबड्या पेशी तिला येऊन चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली मधे एक पेशी आणि भोवती पाकळ्यांसारखं तांबड्या पेशींचं कडं दिसतं. जुन्या वराहज्वराचा विषाणू असं कडं कधीच करत नाही. दोन रोग वेगळे करायला ही एक खूण पुरेशी होती.

पुरेशी, पण पूर्ण नाही. या विषाणूचे काही वाण असे निघाले की ते पेशींत वाढतात, पण कडं करत नाहीत. म्हणजे कडं दिसलं तर रोग नक्की, दिसलं नाही तर जनावर निर्दोष असं म्हणता येत नाही. मग चमकत्या रंगद्रव्याने विषाणू शोधायची पद्धत आली, नंतर रक्तजलातली प्रतिपिंडं मोजणारी एलायझा आली. एलायझा स्वस्त आणि झटपट, हजारो नमुने एका वेळी तपासता येतात. पण उन्हातान्हात नीट न जपलेलं रक्तजल तिला फसवतं आणि निरोगी जनावर रोगी ठरतं. म्हणून एलायझात दोषी ठरलेला नमुना इम्युनोब्लॉट या दुसऱ्या कसोटीतून जावा लागतो. प्रत्येक फेरीत ठाऊक असलेला रोगी नमुना आणि ठाऊक असलेला निरोगी नमुना सोबत ठेवावा लागतो. या दोघांचं उत्तर चुकलं तर सगळी फेरी रद्द. पशुवैद्यकाच्या या साध्या दंडकाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी तो लक्षात ठेवा.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये दुबळा केलेला विषाणू लस म्हणून टोचून पाहिला गेला. परिणाम भयंकर झाला. कित्येक डुकरं आजारी पडली, आणि जी जगली त्यांतली कित्येक विषाणू अंगात घेऊन हिंडू लागली. लस सोडून द्यावी लागली. १९६३ मध्ये कार्लोस सांचेस बोतिखा या स्पॅनिश संशोधकाने आणखी एक गोष्ट उघड केली. जुन्या डुक्करखान्यांच्या भिंतींच्या फटींत राहणारी एक मऊ गोचीड विषाणू सांभाळून ठेवते, आणि ती काही न खाता वर्षानुवर्षं जगते. सगळी डुकरं मारली, महिनोन्‌महिने जागा रिकामी ठेवली, नवी डुकरं आणली, की रोग परत हजर.

सुटका झाली ती रक्ताच्या नोंदींनी. लस वापरात नसल्यामुळे ज्या डुकराच्या रक्तात प्रतिपिंडं सापडतील, त्याची विषाणूशी गाठ पडलेली असणारच. वरून ते कितीही धडधाकट दिसो. १९८५ मध्ये स्पेनने युरोपीय समुदायाच्या पैशावर निर्मूलनाची मोहीम सुरू केली. पशुवैद्यांची फिरती पथकं गावोगाव गेली, पैदाशीच्या माद्यांचं रक्त तपासलं गेलं, दोषी कळप भरपाई देऊन मारले गेले, फटींचे जुने डुक्करखाने पाडले गेले. १९९५ मध्ये देश रोगमुक्त जाहीर झाला.

आता १९३८ मधल्या मालागाच्या तुरुंगात येऊ. यादवी युद्ध अजून चालू होतं, पण मालागा फेब्रुवारी १९३७ मध्येच फ्रँकोच्या हाती पडलं होतं आणि तिथला बायकांचा तुरुंग प्रजासत्ताकाची बाजू घेणाऱ्यांनी भरून गेला होता. आंतोनियो वायेहो-नाखेरा हा फ्रँकोच्या सैन्यातला मनोविकारतज्ज्ञ. ऑगस्ट १९३८ मध्ये त्याच्या हाताखाली मानसशास्त्रीय संशोधनाचा एक कक्ष उघडला गेला, खुद्द फ्रँकोच्या मंजुरीने. मार्क्सवादी माणसाच्या मनात आणि शरीरात जन्मजात दोष असतो का, हे या कक्षाने शोधायचं होतं. त्यासाठी मालागाच्या तुरुंगातल्या ५० बायका निवडल्या गेल्या. १९३९ मध्ये निष्कर्ष युद्धकालीन वैद्यकाच्या नियतकालिकात छापून आले. बाईचं मन हे मुलाच्या आणि जनावराच्या मनाच्या जवळचं असतं, समाजाचे लगाम सुटले की तिच्यातली क्रूरता मोकाट सुटते, आणि तिचं राजकारण म्हणजे राजकारण नसून विकृती असते, असा त्याचा आशय.

यात निदान होतं, आकडे होते, वर्गवारी होती, शास्त्राची भाषा होती. नव्हती ती फक्त चूक पकडायची सोय. प्रश्न विचारणारा त्याच सैन्याचा अधिकारी, ज्याने त्यांना कोंडलं होतं. उत्तर देणाऱ्या बायका लष्करी न्यायालयांच्या सावलीत. बाई ठामपणे बोलली तर ती माथेफिरू, गप्प राहिली तर मंदबुद्धी, असं कोणतंही उत्तर लक्षणच ठरू शकेल अशी ही मांडणी. ज्या कसोटीतून कोणीच निर्दोष सुटू शकत नाही, तिला कसोटी म्हणायचं कसं? केनियातल्या त्या काचेच्या नळीत डुकराला निर्दोष सुटायची जेवढी संधी होती, तेवढीही या ५० जणींना नव्हती. हे वाक्य लिहिताना मला संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

हे लेखन कागदावर राहिलं असतं तरी एक वेळ. पण दोष आईकडून मुलात जातो, तेव्हा मुलाला तिच्यापासून दूर करावं, या विचाराला त्याने शास्त्राचं पाठबळ दिलं. मार्च १९४० च्या आदेशाने कैदी आयांना मूल तीन वर्षांचं होईपर्यंतच जवळ ठेवायची मुभा मिळाली. त्यानंतर कित्येक मुलं सरकारी आणि धार्मिक संस्थांत गेली, ती आपल्या घरच्यांना पुन्हा कधी सापडलीच नाहीत.

तुरुंगाबाहेरचं आयुष्यही निदानाखालीच होतं. नोव्हेंबर १९४१ मध्ये ‘पात्रोनातो’, म्हणजे स्त्रीसंरक्षण मंडळ, स्थापन झालं. फ्रँकोची पत्नी त्याची मानद अध्यक्ष. ‘पतित’ किंवा ‘पतित होण्याचा धोका असलेल्या’ तरुण मुलींना वळणावर आणणं हे त्याचं काम. धोका कोणाला आहे हे कधी पोलीस ठरवत, कधी पाद्री, कधी शेजारी, कधी घरचेच. मुलीने गुन्हा केलेला असायची गरज नव्हती. नृत्यशाळेत दिसली, घरी उशिरा आली, मारणाऱ्या बापापासून पळाली, एवढं पुरे. मग तिला जोगिणींच्या ताब्यातल्या बंद वसतिगृहात धाडलं जाई. आत घेताना वैद्यकीय तपासणी होई आणि तिच्या नावापुढे ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ असा शेरा पडे, म्हणजे कुमारी आहे की नाही. त्या एका शब्दावर तिची रवानगी कुठे आणि वागणूक कशी, हे ठरे. फ्रँको १९७५ मध्ये वारला, लोकशाही आली, नवी राज्यघटना आली, तरी हे मंडळ १९८५ पर्यंत चालूच राहिलं. डुकरांच्या रक्तासाठी फिरती पथकं निघाली तेच हे वर्ष.

विवाहित बाईला तर कायद्यानेच अज्ञान ठरवलं होतं. नोकरी धरायची, बँकेत खातं उघडायचं, करारावर सही करायची, तर नवऱ्याची परवानगी हवी. अविवाहित मुलगी पंचविशीच्या आत लग्न किंवा मठ याखेरीज बापाचं घर सोडू शकत नव्हती. हा नियम १९७२ मध्ये गेला. नवऱ्याच्या परवानगीची अट मे १९७५ मध्ये गेली, त्यामागे मारिया तेलो आणि तिच्या वकील मैत्रिणींची अनेक वर्षांची चिकाटी होती. त्याआधी १९५३ मध्ये मेर्सेदेस फोर्मिका या वकील बाईने एका वृत्तपत्रात लेख लिहून देश हलवला होता. नवऱ्याने सुऱ्याने भोसकलेली एक बाई माद्रिदच्या रुग्णालयात पडली होती. वेगळी झाली तर राहतं घर आणि मुलं दोन्ही जाणार, म्हणून ती त्याच्यापाशीच राहिली होती. घर कायद्याने ‘नवऱ्याचं’ होतं. त्या लेखातून १९५८ ची दुरुस्ती निघाली.

बादाहोसच्या बाजूला हे सगळं एका अंगणात दिसतं. या एस्त्रेमादुरा प्रदेशातल्या ओकच्या रानांत काळी डुकरं ओकफळांवर पोसतात. गरीब घरीही एखादं डुक्कर पाळलेलं असे. हिवाळ्याच्या तोंडावर ते मारायचं, आणि मग आतडी धुणं, मांस कुटणं, लाल मिरचीपूड-लसूण लावून चोरिसो नावाची सॉसेजं भरणं, मांस मिठात घालणं, हे बायकांचं काम. वर्षभराची चरबी आणि मांस त्या दोन-तीन दिवसांत कोठीत पडे. उष्टं घालून ते डुक्कर वाढवलेलं असे बाईनेच, पण नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेचा कारभारी कायद्याने नवराच, आणि ही तरतूद १९८१ पर्यंत टिकली. साथीत जनावर मारलं गेलं की घरातली कोठी जिची रिकामी राही, तिला त्या व्यवहारात आवाज नव्हता.

या बायकांची हकीकत बाहेर आणणाऱ्यांत मला सगळ्यात मोठी वाटते ती तोमासा क्वेवास. ती प्राध्यापक नव्हती, पदवीधरही नव्हती. फ्रँकोच्या तुरुंगांत स्वतः वर्षं काढलेली ही बाई सत्तरच्या दशकात टेपरेकॉर्डर घेऊन जुन्या सोबतिणींकडे जाऊ लागली. अनोळखी संशोधकाला जे सांगितलं गेलं नसतं, ते तिच्यापाशी सांगितलं गेलं. तिच्या ध्वनिफितींची पुस्तकं झाली आणि ती नंतरच्या विद्यापीठीय कामाचा पाया ठरली. जुलियाना दी फेबो या इटालियन अभ्यासिकेचं बायकांच्या प्रतिकारावरचं पुस्तक १९७९ चं. रिकार्द विन्येसने २००२ मध्ये राजकीय कैदी बायका आणि त्यांच्या मुलांवरचं पुस्तक काढलं, त्यात वायेहो-नाखेराचं प्रकरण ठळकपणे समोर आलं. पात्रोनातोवर कार्मेन गियेन लोरेंतेने २०१८ मध्ये मुर्सिया विद्यापीठात प्रबंध केला.

ही मंडळी काम कसं करतात, तेही पाहण्यासारखं आहे. तीस-चाळीस वर्षांनी सांगितलेली आठवण तारखा चुकवते, दोन प्रसंग एक करते. तुरुंगाची नोंदवही तारखा बरोबर देते, पण भुकेने मेलेल्या मुलाच्या नावापुढे भूक हा शब्द तिथे सापडेलच असं नाही. म्हणून आठवण नोंदवहीशी ताडायची, नोंदवही दुसऱ्या कैदिणीच्या आठवणीशी, आणि जिथे तिन्ही जुळत नाहीत तिथे तसं लिहायचं. मालागाच्या कक्षाने जे केलं नाही ते नेमकं हेच.

जून २०२५ मध्ये माद्रिदमध्ये धार्मिक संघांच्या परिषदेने पात्रोनातोच्या वसतिगृहांबद्दल जाहीर माफी मागितली. त्या वसतिगृहांतून गेलेल्या काही बायकांनी तिथेच उभं राहून ती नाकारली. त्यांना सत्य, न्याय आणि भरपाई हवी आहे, आणि सत्य म्हणजे कागदपत्रं खुली करणं. त्यांच्या नावापुढे जो शेरा मारला गेला, तो तपासायचा हक्क त्या मागत आहेत.

त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर बार्सिलोनाजवळच्या डोंगरात मेलेल्या रानडुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर सापडला, १९९४ नंतर स्पेनमध्ये पहिल्यांदाच. राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेने निदान पक्कं केलं. विषाणूची जनुकीय ओळख युरोपात सध्या फिरणाऱ्या वाणांशी नीट जुळेना, तेव्हा तो एखाद्या प्रयोगशाळेतूनच निसटला असेल का, याची चौकशी सरकारने उघडपणे सुरू केली. आपल्याकडे हा रोग २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आला आणि भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेने तो ओळखला. आजही शेतकऱ्याने मेलेलं डुक्कर लपवलं नाही, तरच नमुना तिथवर पोचतो.

पुढच्या आठवड्यात सार्डिनिया. १९७८ मध्ये तिथे शिरलेला हा रोग बेटावरून हटायला चार दशकांहून जास्त काळ लागला, आणि त्यात विषाणूपेक्षा गावाच्या सामाईक चराऊ जमिनींचा वाटा मोठा होता.